आनंदीबाई जोशी यांचा प्रवेशअर्ज

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पदवी घेऊन परदेशी शिकायला जाण्याच्या तयारीला लागली, की त्यांतील काही जण चामराजपेटेत पुन्हा एकदा येतात. कोणाला जुन्या दाखल्याची प्रत हवी असते, तर कोणाला शिक्षकांचे शिफारसपत्र. पिशवीत आयईएल्टीएस किंवा टोफेल परीक्षेच्या तयारीचे जाडजूड पुस्तक असते, आणि मोबाइलमध्ये अर्धवट राहिलेला एक निबंध असतो. मला हा विषय का शिकायचा आहे, तो माझ्या देशात शिकता येणार नाही का, शिकून मी पुढे काय करणार, असे प्रश्न त्या निबंधात सोडवायचे असतात. मुले व्याकरण आणि शब्दसंग्रह यांची चिंता करतात. पालकांच्या मनात मात्र एक जुनी शंका पुन्हा डोके वर काढते. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गातही मराठी. अशा मुलाला आपण इंग्रजीच्या बाबतीत मागे तर ठेवले नाही ना?

हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात त्या शंकेचा विचार करताना मला सारखी आठवण येते ती आनंदीबाई जोशी यांची. पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून त्यांचे नाव आपल्याला शालेय वयापासून ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यावर कादंबरी आली, नाटक आले, चित्रपट आला. परंतु अवघ्या अठराव्या वर्षी त्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयाला जो प्रवेशअर्ज लिहिला, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो अर्ज कसा घडला, हे समजून घेतले म्हणजे त्यांचे सारे चरित्रच एका वेगळ्या बाजूने दिसू लागते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. घराणे जुने आणि एकेकाळी सुस्थितीतले. पुढे त्याला उतरती कळा लागली. लग्नापूर्वी यमुनेला घरीच थोडीफार अक्षरओळख झाली होती. त्या काळच्या रूढीप्रमाणे नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लावून देण्यात आले. गोपाळराव पोस्टखात्यात कारकून होते, विधुर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी तिचे नाव आनंदी झाले.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. ज्या काळी घरातील वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलणेही गैर मानले जाई, त्या काळी ते तिला धडे देत. मराठी वाचन-लेखनाच्या पायावर पुढे संस्कृत आणि इंग्रजी यांचा अभ्यास सुरू झाला. नोकरीच्या निमित्ताने अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी त्यांची भ्रमंती चालू होती, आणि प्रत्येक बदलीबरोबर आनंदीच्या शिक्षणाचा संसारही एका गावातून दुसऱ्या गावी हलत होता. मुंबईत ती मिशनऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली. हातात पुस्तके घेतलेली ब्राह्मणाची सून रस्त्याने चाललेली पाहून लोक टिंगल करीत.

या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोपाळरावांचा ध्यास अनेकदा क्रौर्यापर्यंत जाई. अभ्यासात कुचराई झालेली दिसली, की ते त्या लहान मुलीवर हात उगारीत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या मारहाणीची आठवण आडपडदा न ठेवता करून दिली. गोपाळरावांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. परंतु जे सोसले तेही विसरल्या नाहीत. मुलांच्या भवितव्याच्या काळजीने त्यांच्यावर अभ्यासाची सक्ती करणाऱ्या आजच्या आईवडिलांनी चरित्रातील हे पान गाळून पुढे जाऊ नये.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, असे त्यांच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्याची लाज आणि स्त्री डॉक्टरांचा अभाव यांमुळे आपल्यासारख्या असंख्य बायका आणि त्यांची मुले मरतात, हे त्यांना स्वतःच्या घरातच दिसले होते. डॉक्टर होण्याचा विचार त्यांच्या मनात रुजला तो या दुःखातून. प्रवेशअर्जात आज जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर त्यांना अशा रीतीने फार लवकर मिळाले होते.

याच सुमारास, १८७८ साली, गोपाळरावांनी कोल्हापुरातील अमेरिकन मिशनशी संबंध असलेल्या रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीला अमेरिकेत शिकवण्याच्या कामी मदत मागितली होती. वाइल्डर तेव्हा प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी हे पत्र आणि स्वतःचे उत्तर दोन्ही मासिकात छापले. उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. जोशी दांपत्याला ते मान्य होण्यासारखे नव्हते, आणि गोष्ट तेथेच संपली असे वाटले. परंतु १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती त्या मासिकाचा जुना अंक पडला. ते पत्र वाचून त्यांचे मन हेलावले आणि त्यांनी भारतात पत्र धाडले.

त्या पत्राला आनंदीबाईंनी उत्तर दिले आणि पुढची तीन वर्षे हा पत्रव्यवहार अखंड चालला. एका बाजूला चाळिशीकडे झुकलेली, मुलाबाळांची अमेरिकन गृहिणी; दुसऱ्या बाजूला पंधरा-सोळा वर्षांची, पोस्टातल्या कारकुनाची मराठी बायको. आपल्याकडचे सणवार, चालीरीती, बालविवाहाची रूढी, स्त्रियांची स्थिती, धर्म यांविषयी आनंदीबाई लिहीत, आणि तिकडच्या जीवनाविषयी विचारीत. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप यांनी त्या बेजार असत. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठवली. पुढे त्या दोघींचे नाते मावशी आणि भाची असे जुळले.

आनंदीबाईंच्या इंग्रजीची खरी तयारी या पत्रांतून झाली. पाठ्यपुस्तकातून त्यांना शब्द आणि व्याकरण मिळाले होतेच. परंतु आपल्या घरातील, समाजातील आणि मनातील गोष्टी परक्या देशातील माणसाला समजतील अशा सांगायच्या, हा सराव पत्रांनी दिला. समोर वाचणारे माणूस खरे होते, उत्तराची वाट पाहणारे होते आणि चुका मोजणारे नव्हते. उलट लिहिणारीजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते सगळे मराठी घरातले होते. मराठीतून जे पाहिले, सोसले आणि विचारले, तेच त्यांच्या इंग्रजी लेखनाची सामग्री झाले.

गोपाळरावांची बदली पुढे बंगालमध्ये झाली. नोकरी सोडून दोघांनी अमेरिकेला जाणे शक्य दिसेना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने पुढे जावे असे ठरले. ही बातमी पसरताच चहूकडून टीकेचा भडिमार सुरू झाला. विवाहित ब्राह्मण स्त्रीने नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडायचा, ही कल्पनाच लोकांना असह्य होती. एका बाजूने स्वकीय जातिबहिष्काराची भीती घालीत होते. दुसऱ्या बाजूने काही मिशनऱ्यांना त्या बाप्तिस्मा घेतील अशी आशा होती.

तेव्हा आनंदीबाईंनी स्वतः उत्तर द्यायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. वय अठराहून थोडे कमी. श्रोत्यांमध्ये भारतीय होते, तसे युरोपीयही. लोक आपल्याला जे जे विचारतात, त्यातून सहा प्रश्न निवडून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जायचे? भारतात शिकण्याची सोय नाही का? एकटीनेच का जायचे? परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर? परदेशी काही संकट ओढवले तर? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते आपणच का करायचे?

ही उत्तरे आजही वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांत कोठेही मोघमपणा नाही. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांनी प्रथम सांगितले. मद्रासचे कॉलेज आणि इलाख्यांतील सुइणींचे वर्ग ठाऊक असल्याचे दाखवून तेथील शिक्षण अपुरे का पडते, तेही सांगितले. पुस्तके घेऊन रस्त्याने जाताना आपल्याला सोसावा लागलेला उपहास त्यांनी सभेपुढे उघड केला. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी ठामपणे जाहीर केले. या व्याख्यानाची बातमी दूरवर गेली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आर्थिक मदतही येऊ लागली. आज परदेशी विद्यापीठे अर्जदाराकडून ज्या प्रश्नांची उत्तरे लिहून मागतात, त्यांपैकी बहुतेक प्रश्न या सहांमध्ये आले आहेत. फरक इतकाच, की आनंदीबाईंनी ती उत्तरे परक्यांना देण्याआधी आपल्या माणसांना दिली, आणि तीही त्यांच्या तोंडावर.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांचे जहाज सुटले. सोबत गोपाळराव नव्हते. काही मिशनरी स्त्रिया होत्या. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ज्यांना केवळ पत्रांतून ओळखले होते, त्या कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घ्यायला आल्या होत्या. रोझेलच्या त्या घरात आनंदीबाई लुगडे नेसून, शाकाहार पाळून आणि तरीही घरच्या मुलीसारख्या राहिल्या.

तेथूनच २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेला प्रवेशासाठी पत्र लिहिले. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यकशास्त्राची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक होते. पत्र महाविद्यालयाच्या कार्यकारी समितीचे सचिव आल्फ्रेड जोन्स यांना उद्देशून होते. पत्र लहानसेच. आपले वय आणि आपण काय काय शिकलो आहोत, हे त्यांनी त्यात नोंदवले. प्रवेशासाठी लागणाऱ्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी लपवले नाही; आपली परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घेऊन समितीने उदारपणे विचार करावा, एवढी विनंती केली. नातलग आणि जात या सर्वांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तोच निश्चय आपल्याला हे शिक्षण पार पाडायला उपयोगी पडेल, असे त्यांनी लिहिले. आणि मग येण्याचे कारण सांगितले: ज्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लागू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधोपचार देता यावा, यासाठी आपल्याला शिकायचे आहे.

या पत्रात एक विधान असेही आहे, की जे पुढे काळाने खरे ठरू दिले नाही. आपली प्रकृती चांगली आहे, असे त्यांनी लिहिले होते. कलकत्त्यातल्या दुखण्यांचा विचार करता हे वाक्य लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करवत नाही. अर्जातील इतर उणिवा त्यांनी मोकळेपणाने मान्य केल्या. ही एक गोष्ट मान्य केली असती, तर दार बंद होण्याचे भय होते. थोरांच्या चरित्रातही अशी एखादी जागा असते, आणि तिच्यामुळे ती माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत.

महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, इतकेच नव्हे, तर तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांच्यावर पुढे मायेची पाखर घातली. ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाला. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, बदललेले अन्न आणि अभ्यासाचा भार यांनी त्यांची नाजूक प्रकृती अधिकच ढासळत गेली. तरी त्यांनी वर्ग सोडले नाहीत. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघींच्या मातृभाषा निराळ्या, आणि शिक्षणाची भाषा तिघींनाही नंतर शिकावी लागलेली.

पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. आनंदीबाईंनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या परंपरेतील वैद्यकग्रंथांत प्रसूतीविषयी काय सांगितले आहे, ते त्यांनी त्यात मांडले. फिलाडेल्फियाच्या परीक्षकांना जे अन्य कोणी सांगू शकले नसते, ते त्यांनी इंग्रजीत सांगितले. आणि ते सांगता आले, कारण संस्कृत आणि मराठीशी त्यांचा संबंध तुटला नव्हता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव हजर होते, आणि त्यांच्या आप्त पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन भारतीय स्त्रिया एकाच वेळी डॉक्टर झाल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. ज्या गावी त्यांच्या शिक्षणासाठीचे पहिले पत्र लिहिले गेले, त्याच गावी डॉक्टर म्हणून परतण्याची संधी चालून आली होती. परंतु तोवर क्षयाने त्यांना ग्रासले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या रुग्ण म्हणूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचे पद त्यांना स्वीकारता आले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. पत्रांतून जुळलेले नाते असे शेवटपर्यंत टिकले. मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि पुढे काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले.

एकाही रुग्णाला त्या डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे तपासू शकल्या नाहीत, मग हे यश कसले, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर त्यांच्या मागून गेलेल्या स्त्रियांनी दिले. रखमाबाई १८८९ साली वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. वाट एकदा पडली, की चालणारे येतातच.

आता पुन्हा आपल्या मुलांच्या अर्जाकडे वळू. परीक्षेची तयारी करावी लागते, यात शंका नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांची कसोटी तेथे लागते, आणि सरावावाचून गुण मिळत नाहीत. निबंधाचे मात्र तसे नाही. तो आज बाजारात विकत मिळतो. यंत्रही क्षणात लिहून देते. त्यात व्याकरणाची चूक नसते आणि अर्जदारही नसतो. मुलाने मराठीत कधी आपल्या आजीला, मित्राला, शिक्षकाला मनातले सविस्तर सांगितले असेल, चामराजपेटेतल्या आपल्या घराविषयी आणि गल्लीविषयी विचार केला असेल, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. ते इंग्रजीत आणणे हे कष्टाचे काम असले तरी करता येण्यासारखे असते. जेथे मुळात सांगण्यासारखेच काही नाही, तेथे कोणत्याही माध्यमाची शाळा काय करणार?

म्हणून निबंधाचा मसुदा घेऊन आलेल्या मुलांना मी एकच गोष्ट सुचवतो. हे सगळे आधी घरी, आईवडिलांसमोर बसून, मराठीत सांगून पाहा. का जायचे, येथे का नाही, एकटे का, अडचण आली तर काय, परत येऊन काय करणार. ते सारे प्रश्न त्यांना विचारू द्या. काही उत्तरे पटणार नाहीत, काही देताना स्वतःचीच चूक कळेल. मागच्या वर्षी एक मुलगी असे करून आठवड्याने परत आली. तिने आपला विषय बदलला होता आणि नवा निबंध पहिल्यापेक्षा निम्माच होता. वाक्यरचनेत दोन-तीन ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. बाकी त्यात हात घालावा असे मला काही दिसले नाही.